काळं पिल्लू

नंदनवन वस्तीतली इंदूबाई अल्सेशियन कुत्र्यांची पिल्लं विकायची. पंच्याहत्तर साली तिच्या दोन कुत्र्या एकदमच व्यायल्या. एकीच्या पिल्लांचा बाप प्रदर्शनात कप जिंकलेला, म्हणून पिल्लंही उतरत्या पाठीची, देखणी. दुसरीच्या पिल्लांचा बाप पोलिसांचा कुत्रा. ती काळी, ओबडधोबड, पण भारी चलाख.

रामदासपेठेतले भैय्याजी पिल्लू घ्यायला दारात उभे राहिले आणि इंदूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. महिन्यापूर्वीच हे गृहस्थ आपल्या मुलासाठी तिच्या मुलीला, जयवंताला, पाहून गेले होते. पोटभर पोहे खाल्ले, पोरीला चालवून पाहिलं आणि निरोप धाडला, "पोरगी कामाची आहे, पण काळी. आमच्या घरात शोभाची नाही."

तरी धंदा तो धंदा. दातओठ खात तिनं दोन्हीकडची पिल्लं पुढे ठेवली. देखण्याकडे भैय्याजींनी ढुंकूनही पाहिलं नाही. काळं पिल्लू उचलून त्याच तोंडानं म्हणतात कसे, "हेच द्या बाई. रूप काय चाटाचं आहे? मले राखणीले कामाचं पाहिजे."

इंदूबाईनं पिल्लू त्यांच्या हातातून हिसकावून घेतलं.

"नाही देत, जा! काळं आहे ते. तुमच्या घरात शोभाचं नाही."