चुकीच्या हाताळणीमुळे नादुरुस्त

ताई गेल्यानंतर तिच्या तंत्रनिकेतनातून, तिच्याकडं काही देणं उरलं नाही असा, ना-देय दाखला आणायचं काम माझ्याकडे आलं. आईच्या पेन्शनचे कागद त्या दाखल्यापाशी अडले होते. मी जिंतूरला भौतिकशास्त्र शिकवते. रजा टाकली आणि सकाळच्या एसटीनं परभणीला आले.

ताई तिथं इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत मुलांना प्रात्यक्षिकं शिकवणारी निदेशक होती. तिच्या ताब्यातल्या काही वस्तू भंगारात काढायच्या होत्या आणि त्या यादीवर घरच्या माणसाची सही हवी होती.

"नुसती सही करायचीय," असं म्हणून विभागप्रमुखांनी यादीवर पेन ठेवला.

वाचल्याशिवाय सही करायची नाही हे वळण आम्हा दोघी बहिणींना आईनं लावलं. तिला स्वतःला अक्षर येत नव्हतं. ती म्हणायची, दुसऱ्याचं चुकलं तर लोक म्हणतात, चुकलं. आपलं चुकलं तर म्हणतात, यांचं असंच असतं. म्हणून आमच्या घरात चुकायची सोय नव्हती. ताई तर भाजी चिरतानाही फोडी सारख्या करायची.

यादीत मोडक्या खुर्च्या होत्या, विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारा एक ऑसिलोस्कोप होता आणि शेवटी होतं, 'प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय, एक नग. संबंधित निदेशकांच्या चुकीच्या हाताळणीमुळे नादुरुस्त.'

ते यंत्र मला माहीत होतं. जेवढे व्होल्ट मागाल तेवढे मोजून देणारा टेबलावरचा डबा. बटणं न दाबता लॅपटॉपवरून केबलनं आज्ञा पाठवल्या तरी ऐकणारा. तो मिळवायला ताईनं कित्येक अर्ज केले होते, आणि आल्यावर त्याला घरून शिवलेलं झाकण नेलं होतं.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला हेच विभागप्रमुख आले होते. पांढऱ्या शर्टात, माईकसमोर, हात जोडून बोलले होते की मॅडमच्या हातून कधी एक आकडा चुकला नाही. आई पदर डोळ्याला लावून ऐकत होती. यादीतला शेरा त्यांच्याच अक्षरात होता.

"सर, चुकीची हाताळणी हे कुणी ठरवलं?"

"अहो मॅडम, ती ऑफिसची भाषा आहे. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागतं. पाच व्होल्ट लावले की पावणेपाच येतात. पोरांची सर्किटं चालंनात. लॅब त्यांच्याकडं होती."

"त्यांच्याकडं होती तेव्हा पाचाचे पाचच येत होते."

"आता ते कोण बघायला गेलंय?"

"मी बघते."

ते हसले. "बघा की. पण लय मनाला लावून घेऊ नका."

सही न करता मी बाहेर आले.  

ताईच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या निदेशकांनी मला कँटीनमध्ये नेलं. वर्षानुवर्षं ताईच्या डब्यातली चटणी खाल्लेला माणूस. चहा सांगितला आणि सहज, पावसापाण्याचं बोलावं तसं बोलले.

"ते मीच केलं होतं हो. मॅडम नांदेडला दवाखान्यात होत्या. इकडं तपासणी आली. सर म्हणले, कॅलिब्रेशन झालेलं दिसलं पाहिजे. मॅडमनी लिहिलेला प्रोग्राम लॅपटॉपमध्ये होताच, तो चालवला."

"मीटर कुठला लावला?"

"आपला पिवळा. त्याच्यावर बॅटरीचं चिन्ह यायलं होतं, पण नवी कुठून आणणार? चांगला मीटर तर मॅडमच घरी घेऊन गेल्या होत्या."

"तो तिचा स्वतःचा होता."

"ते खरंय. पण लोक म्हणणारच ना."

कॅलिब्रेशन म्हणजे यंत्राचे आकडे खऱ्या मापाशी जुळवणं. बॅटरी उतरली की असा स्वस्त मीटर आहे त्यापेक्षा जास्त दाखवतो. त्यानं फुगवून सांगितलेले आकडे यांनी यंत्राला खरे म्हणून सांगितले. तेव्हापासून यंत्र कमी देऊन पुरतं दिल्याच्या भ्रमात होतं. दुकानात कुठंही मिळणारी एक बॅटरी. ताईनं ती मागितली होती हे मला ठाऊक होतं, कारण रात्री जेवताना ती हेच बोलायची आणि मी पुस्तकातून मान वर न काढता हूं म्हणायचे.

"मग हे तुमच्या नावावर का नाही?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "माझ्या? माझी अजून सर्व्हिस राहिलीय, मॅडम. जिवंत माणसाच्या नावावर टाकलं की चौकशी लागते, वसुली निघते. गेलेल्या माणसाच्या नावावर काही निघत नसतं. सगळ्या ऑफिसात असंच करतात. मॅडमना आता काय फरक पडणार? शिवाय प्रोग्राम त्यांचाच होता."

चहा तसाच ठेवून मी उठले. या माणसाच्या मनात पाप नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या शनिवारी ताईचा मीटर घेऊन गेले. घरी तिच्या कपाटात, जुन्या ओढणीत गुंडाळलेला होता. ओढणीला अजून तिच्या तेलाचा वास होता. शेजारच्या निदेशकांनी निमूटपणे लॅब उघडली आणि लॅपटॉपला केबल जोडून दिली. मी प्रोग्राम चालू केला. काळ्या पडद्यावर, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, ताईचा पहिला प्रश्न आला.

यंत्र चालू करून अर्धा तास झाला का?

झाला नव्हता. मी खुर्चीवर बसून राहिले. यंत्र आतून तापून एका जागी स्थिर व्हावं लागतं, त्याआधी मोजलेलं सगळं वाया जातं. अर्ध्या तासानं 'हो' लिहिलं.

मीटरची बॅटरी पाहिली का?

मी मागं वळले. "हा प्रश्न तुम्हालाही आला होता?"

"आला असंल. मी नुसतं एंटर एंटर करत गेलो."

माझ्या मेलेल्या बहिणीनं त्यांना विचारलं होतं. अगदी हेच विचारलं होतं. मीटर उचलून फेकावासा वाटला; त्याऐवजी त्याची बॅटरी तपासली आणि 'हो' लिहिलं.

पुढं काम सरळ होतं. मीटरच्या वायरी यंत्राच्या तोंडाशी लावल्या. प्रोग्रामनं कुलपाचा आकडा, म्हणजे पासवर्ड, पाठवून कॅलिब्रेशन उघडलं आणि यंत्राला अगदी थोडे व्होल्ट द्यायला सांगितलं. मीटरवर काय दिसतं, ताईनं विचारलं. मी आकडा थांबेपर्यंत थांबले आणि लिहिला. मग भरपूर व्होल्ट, पुन्हा तोच प्रश्न. वीजप्रवाह मोजायला तिचाच, नेमक्या मापाचा प्रमाणित रोधक जोडला आणि तसंच केलं. प्रत्येक पायरीनंतर प्रोग्राम यंत्राला विचारत होता, काही चूक? आणि यंत्र उत्तर देत होतं, शून्य, चूक नाही. पण हे उत्तर त्या दिवशी निदेशकांनाही मिळालं असणार. बाहेरचा माणूस सांगेल ते यंत्र खरं मानतं. सांगणाऱ्याची लायकी त्याला मोजता येत नाही. विभागप्रमुखांच्या यादीलाही येत नव्हती.

शेवटची आज्ञा होती, जतन कर. त्यानंतर मी यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं आणि ते तापेपर्यंत परत बसून राहिले. पाच व्होल्ट मागितले. यंत्रावर पाच, मीटरवर पाच, पुढं नुसती शून्यं.

विभागप्रमुखांना बोलावलं. ते चष्मा कपाळावर चढवून वाकले, दोन्ही आकडे पाहिले.

"झालं की मग. चांगलं झालं. नवीन घ्यायची गरज नाही." त्यांनी यादी मागवली आणि त्या ओळीवर रेघ मारली. "घ्या. आता तरी करा सही."

"सर, चुकीची हाताळणी कुणाची होती?"

निदेशक खिडकीबाहेर बघत होते. विभागप्रमुखांनी पेनाला टोपण लावलं. "मॅडम, रेघ मारली ना. आता विषय संपला."

मी यादी वाचायला घेतली. रेघेच्या वरची, मागच्या वेळी रागात नीट न वाचलेली ओळ ऑसिलोस्कोपची होती. शेरा तोच होता, शब्दाला शब्द.

आईला फोन लावला. दाखला आज मिळणार नाही, असं सांगितलं.

"तिचं नाव काढलं का?" आईनं विचारलं.

"एका ठिकाणचं काढलं."

पेन्शन तिचीच अडलेली. "मग बाकीचं काढूनच ये," ती म्हणाली.

मी यादी विभागप्रमुखांपुढं परत ठेवली आणि ऑसिलोस्कोप कुठं आहे ते विचारलं.

"स्टोअरमध्ये पडलाय. का? आता त्याचंही करायलात काय?"

"किल्ली द्या," मी म्हणाले.