मोकळ्या पानाखालची सही

जवळ ये गं, अशी माझ्या पुढ्यात बस. वर्ष होत आलं, तुझे पाय या दाराला लागले नाहीत. सुपा ते जामखेड, एवढं काय परमुलखाला यायचंय? आणि फोन केला की म्हणतेस, "मावशी, झालं ते झालं. सारखं तेच काय काढतीस?" तू मास्तरीण. इंग्रजी शाळेत कंपनीतल्या साहेबलोकांची पोरं शिकवतेस. तूच असं बोलायला लागलीस तर मी कुणाकडं तोंड करायचं? आणि फोनवर मधेच तुझा तास भरतो, ठेवते म्हणतेस. म्हणून लिहिते. तुझ्या शाळेतल्या बाकीच्या मास्तरणींनाही वाचून दाखव. तुला ठाऊक असलेलंही त्यात सांगते, कंटाळू नकोस.

तर ऐक.

"कुणाला शिकवायचंय इंग्रजी, आजी? उसाला?"

असं तो साहेब म्हणाला. नगरच्या शिक्षणाच्या ऑफिसात, पंख्याखाली बसून. टेबलाच्या अलीकडं आम्ही पाच बाया उभ्या. खुर्च्या होत्या, पण त्यांच्यावर फायली बसल्या होत्या. साहेबाच्या बाजूचा क्लार्क हसला. दारातला शिपाई हसला. आमच्यातली हिराबाई पण हसली. भीतीनं. मी तेव्हा साहेबाला अहोजाहो करत होते. आता लिहिताना करत नाही.

मी म्हणाले, "उसाला न्हाई, साहेब. आमच्या पोरांला. इंग्रजीच्या बाई हुत्या आमच्या शाळंत, त्या परत द्या. आन् पोरं ऊसतोडीला कारखान्याला गेली तरी ती पटावर धरा. एवढंच मागनं हाय."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. पोरीचा असावा. आवाज एकदम लोण्यासारखा झाला. "येस बेटा. हाऊ वॉज द टेस्ट?" मला तेवढं कळलं. टेस्ट म्हणजे परीक्षा, ते आमच्या बाईंनीच शिकवलेलं. आपल्या लेकीशी तो इंग्रजीत बोलला, हसला, फोन ठेवला. आणि तोंड आमच्याकडं वळवलं तेव्हा ते लोणी कुठं गेलं कुणास ठाऊक.

फाईल उघडून एक झेरॉक्स माझ्यासमोर सरकवली. बोट ठेवलं. "ही सही कुणाची?"

थांब. ती सही कशी झाली ते आधी सांगते, नाहीतर तुला वाटेल मावशी येडी आहे. आहेच. पण कशी आहे ते ऐक.

मी लहानपणी शाळेत गेले ती आईबरोबर, शाळा सारवायला. सारवून झालं की बाहेर. लग्न झालं आणि कोयता हातात आला. ऊसतोडीला नवरा-बायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात. मुकादम विचारतो, किती कोयते आले? माणसं किती, असं कधी विचारत नाही. तीस-बत्तीस हंगाम मी अर्धा कोयता होते. मग म्हातारा गेला, गुडघे गेले, तरी टोळीबरोबर जातच राहिले, कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीवर, पोरं सांभाळायला.

नात प्रांजल पहिलीत गेली तेव्हा मी तिच्या पाटीवर तिच्यामागून बोट फिरवायला लागले. कुणी शिकवलं नाही. आधी दुकानाच्या पाट्या वाचल्या, मग एसटीच्या, मग भाकरीखाली आलेला पेपर. सही करायला शिकले तेव्हा पुरं नाव काढायचे. माझं, म्हाताऱ्याचं, आडनाव. अर्ध्यावर थांबले तर कुणी पुसून टाकेल असं वाटायचं.

इंग्रजीच्या बाई आल्या तेव्हा प्रांजल पाचवीत होती. बाई तासिकेवर होत्या. जेवढे तास घेतले तेवढा पगार, सुट्टीचा नाही, आणि पुढच्या जूनला ठेवतील का नाही ते देवालाही माहीत नाही. तुला हे मी सांगायला नको. तुझंही तेच चाललंय. पण बाईंनी एक काम केलं. दिवाळी उरकली की आमच्या टोळ्या कारखान्याला जातात, त्या गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. बरोबर पोरं. बाई म्हणाल्या, "पोरं चालली तर धडा पण त्यांच्याबरोबर जाईल."

आणि गेला गं! रोज दुपारी बाई आपल्या आवाजात मोबाईलवर धडा पाठवायच्या. मोठी माणसं फडात. मी आणि अकरा पोरं कोपीपुढं पाचटावर. मधे रिकामं पातेलं, पातेल्यात मोबाईल. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा होतो, ही अक्कल पोरांचीच. "व्हॉट इज धिस?" बाई विचारायच्या. पोरं ओरडायची, "धिस इज अ बुल!" बैल समोरच बांधलेला. मग पोरांचा आवाज भरून आम्ही परत पाठवायचो. एकदा मधेच बैल हंबरला. बाईंचं उत्तर आलं, "सगळ्यात स्पष्ट तोच बोलला. बाकीच्यांनी पुन्हा म्हणा." पोरं पाचटात लोळून हसली. मीही म्हणायचे त्यांच्याबरोबर. अगं, इतक्या हंगामांत त्या कोप्यांपुढं पोरं शिव्या शिकलेली मी पाहिली होती. धडा म्हणताना त्याच वर्षी पाहिली.

आता सहीचं.

शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी होते, नातीची पालक म्हणून. समितीची बैठक महिन्याच्या महिन्याला व्हावी लागते, ठरावाच्या रजिस्टरात सह्या लागतात. पण निम्मे सभासद कारखान्याला. मग आमच्याकडं एक रीत पडून गेली. दसरा झाला, टोळ्यांची बांधाबांध सुरू झाली की ते रजिस्टर घरोघर फिरतं. पान वर मोकळं, खाली सह्या. पुढच्या सहा महिन्यांच्या बैठकांना आपण आत्ताच हजर. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एका हातानं पोतं बांधायचं, एका हातानं सही करायची.

बाई आल्याच्या दुसऱ्या वर्षी गुरुजी माझ्या दारात आले. गुरुजी म्हणजे आमचे हेडमास्तर. रजिस्टर मांडीवर घेऊन मी ओसरीवर बसले. सावकाश, पुरं नाव काढलं. एका पानावर, दुसऱ्या, तिसऱ्या. गुरुजी म्हणाले, "आजी, काय अक्षर हाय तुमचं! छापल्यावानी."

आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? मी म्हणाले, "आजून एका पानावर करू का?"

स्वतःहून विचारलं. लिहिताना आत्ताही कान तापतात माझे.

त्या हंगामात माघात एक दिवस धडा आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही. पोरं पातेलं मांडून बसायची. मी म्हणायचे, बाईंना ताप आला असंल. पाडव्याला परत आलो तर प्रांजल तोंडही न धुता शाळेत पळाली आणि तशीच परत आली. बाई नव्हत्या. रस्त्यावरच्या मोठ्या गावच्या शाळेत दिल्या होत्या. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "वरून ऑर्डर आली, आजी. माझ्या हातात काय हाय?" इंग्रजीच्या तासाला पोरं मैदानातले दगड वेचत होती.

म्हणून आम्ही अर्ज केला. मी लिहिला, प्रांजलनं शुद्ध केला. सकाळच्या एसटीनं पाच बाया नगरला. वाटेत हिराबाई म्हणत होती, "सायबाला इंग्रजीत रामराम घाल गं, चाट पडंल." अशा हसत गेलो.

तर साहेबाचं बोट सहीवर होतं. मी म्हणाले, "माजीच हाय."

"मग वर काय लिहिलंय? वाचा. तुम्हाला वाचता येतं म्हणे."

मी वाचायला लागले. जोडाक्षरं मला अजून अडतात. एक एक फोडत गेले. "स्थ-लां-त-रित कुटुंबांतील पाल्यांना..." क्लार्क म्हणाला, "साहेब, जेवायची सुट्टी होईल तोवर." परत हसणं. मी थांबले नाही. मला वाटलं, अडखळत का होईना, वाचते आहे, म्हणजे जिंकते आहे. किती खुळी. माझ्याच तोंडानं मी ते पुरं वाचलं. स्थलांतरित कुटुंबांतील पाल्यांना इंग्रजी विषयाच्या तासांची आवश्यकता नसल्याने सदर शिक्षिकेची सेवा अन्यत्र वर्ग करण्यास पालकांची हरकत नाही. ठराव सर्वानुमते मंजूर. खाली माझं नाव. म्हाताऱ्याचं नाव. आडनाव. सगळ्यांत मोठी सही माझी. छापल्यासारखी.

मग साहेब मागं टेकला. "तुम्हीच नको म्हणायचं आणि तुम्हीच भांडायला यायचं. आम्ही काय रिकामे बसलोय का?"

मी सांगितलं, पान मोकळं हुतं. तो म्हणाला, "मोकळ्या पानावर सही कोण करतं? अडाणी."

अडाणी हा शब्द मला जन्मभर मिळाला गं. मुकादमानं दिला, दवाखान्यात मिळाला, बँकेत मिळाला. कधी लागला नाही, कारण खरा होता. त्या दिवशी लागला. कारण मी आता वाचत होते. मला वाटायचं, अक्षर आलं की सुटले. अक्षर आलं आणि त्याच अक्षरानं मी माझ्या नातीचा तास घालवला. अंगठा उठवत होते तेव्हा मी हजार पानांवर उठवला असेल. पण त्याचा मला गर्व नव्हता. गर्वानं केली ती ही एकच गोष्ट, आणि ती अशी.

क्लार्कनं एक कागद पुढं केला. "लिहून द्या, साहेबांनी समजावलं, आमचं समाधान झालं. खाली पाचींच्या सह्या. मग जा."

हिराबाईनं पेन घेतलं. तिच्यासकट तिघींनी सह्या केल्या. मी त्यांना बोल लावत नाही. परतीची एसटी चुकत होती, घरी म्हशी होत्या. पेन माझ्यापुढं आलं.

मी म्हणाले, "माजं समाधान झालं न्हाई."

"आजी, ही नुसती फॉर्मॅलिटी आहे."

"आसू दे. मला समाधान झालं न्हाई, तर झालं म्हनून मी लिवनार न्हाई."

साहेब उठून उभा राहिला. "मग अर्ज दप्तरी दाखल होईल. काही होणार नाही त्याचं."

"न्हाई झालं तर न्हाई झालं. पर सही न्हाई."

एवढंच. काही फार मोठं बोलले नाही मी. माझ्या मागं उभी होती ती पाचवी, शमाभाभी, शिलाईचं काम करते ती. तिनं पेन उचललं, टोपण लावलं आणि क्लार्कच्या खिशाला अडकवलं.

आणि साहेब खरं बोलला होता. काही झालं नाही.

जून आला तसं बाईंना त्या मोठ्या गावातूनही कमी केलं. पुढं कळलं, नगरला कापडाच्या दुकानात कामाला आहेत. मी गेले. सांगायचंच होतं. बाई गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडत होत्या. मी जवळ जाऊन म्हणाले, "बाई, त्या ठरावावर सही माजी हुती."

त्यांनी मान वर केली नाही. "ठाऊक आहे, आजी. काढताना ठरावाची झेरॉक्स दिली होती मला. तुमचं अक्षर मी ओळखलं." मालक गल्ल्यावरून बघत होता. मग बाई मोठ्यानं म्हणाल्या, "कॉटनमधलं दाखवू का?"

मी नको म्हणाले आणि बाहेर आले. माफी मागायची राहिली. कुणी दिली असती तरी घेऊन काय करायचं होतं?

प्रांजल आता मोठ्या गावच्या हायस्कुलात आहे. तिथं गणित आणि सायन्स इंग्रजीतून शिकवायची तुकडी वेगळी आहे. पहिल्या दिवशी मास्तरांनी धडा वाचायला लावला. हिच्या जिभेला दीड वर्षाचा गंज. मागं पाठवलं. घरी येऊन म्हणाली, "आजी, मी मराठीच्याच तुकडीत बरी." मी मराठीला नावं ठेवत नाही, मराठीनंच मला डोळे दिले. पण तिनं ते 'बरी' ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज माझा होता. शाळा सारवून बाहेर निघतानाचा.

मागच्या दसऱ्याला रजिस्टर परत फिरलं. मी दारोदार सांगून आले होते. तरी सगळ्यांनी सह्या केल्या, शमाभाभी आणि मी सोडून. हिराबाई म्हणाली, "आगं, एकदा झाली चूक. दर येळंला तसं करत्यात व्हय?" गुरुजी माझ्याशी गोड बोलले. "आजी, तुमच्यावाचून अडत न्हाई. गणपूर्ती झाली." आणि नव्या समितीत माझं नाव नाही.

तू म्हणशील, मग आता काय राहिलं? सांगते. महिन्याच्या बैठकीला मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसते. आत घेत नाहीत. खिडकीतून म्हणते, ठराव मोठ्यानं वाचा. वाचत नाहीत. मी बसते. नगरच्या ऑफिसात दर महिन्याला तोच अर्ज देते. तासिकेवरच्या बायांना वर्षभर ठेवा. टोळीबरोबर गेलेली पोरं पटावर धरा. धडा त्यांच्यामागं पाठवा. क्लार्क शिक्का मारताना तोंड वाकडं करतो. करू दे. मी हरणार आहे हे मला कळतं गं, आकडे मोजायला मीही शिकले आहे. प्रांजलचा तास आता येत नाही. तिच्यामागच्या पोरींचाही बहुतेक येणार नाही. पण आमची हरकत नव्हती असं इथून पुढं कुठल्या कागदावर असेल, तर ते माझ्या नावानं नसेल. मरेपर्यंत हरकत आहे. तेवढंच मला करता येतं आणि तेवढं मी करणार.

तू ये. रविवारी नको, शाळा बंद असते, नुसती भाकरी खाऊन जाशील. रजा टाक आणि मधल्या वारी ये. इंग्रजीच्या तासाला पोरं मैदानात असतात, त्यांच्यात जाऊन उभी राहा. टोळ्या निघायच्या आत ये गं. लवकर ये.