परक्या रानाला टेकलेलं कपाळ

बिरू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत नववीच्या उत्तरपत्रिका तपासत बसलो होतो. फोन त्याच्या बायकोचा, रत्नाचा. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," एवढंच ती म्हणाली. गुलबर्ग्याच्या मैदानावर सकाळी चुन्याच्या रेषा मारता मारता तो खाली बसला, तो उठलाच नाही. अजून पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्यानं... अर्ध्या तासानं दुसरा फोन आला, गावातून, पुढारी केशवअण्णांचा. आवाज भरून आलेला, किंवा भरून आणलेला. "मास्तर, लई वाईट झालं बघा. गावाचं भूषण गेलं. चांगला फोटू हाय का तुमच्याजवळ? फ्लेक्स करायलोत." माझ्याकडे एक फोटो होता आणि मी तो दिला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर दातओठ खाणार आहे आणि त्यांच्या रांगेत मीही उभा आहे, हे वाचकांना ठाऊक असलेलं बरं.

शाळेसाठी मी आता तालुक्याला राहतो. तिसऱ्या दिवशी गावात शिरताना तो फ्लेक्स पाहिला. आमचं गाव कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्याचं, भालकी तालुक्यातलं, तिथल्या मेहकरपासून दोन कोसांवर. वेशीवर दोन बांबूंमध्ये बिरू उभा होता, चांगला दोन पुरुष उंच. मी दिलेल्या फोटोत त्याच्या अंगात आखातातल्या संघाचा हिरवा शर्ट होता. फ्लेक्सवाल्यानं तो संगणकावर निळा केला होता आणि छातीवर तिरंगा चिकटवला होता. वर लिहिलं होतं, 'भारतमातेचा सुपुत्र'. बिरू भारताकडून एकही सामना खेळला नव्हता. खाली अकरा पुढाऱ्यांची मुंडकी, त्यात केशवअण्णांचं सर्वांत मोठं, हात जोडलेलं. ह्याच तोंडांनी दहा वर्षांपूर्वी ह्याच वेशीत त्याला देशद्रोही म्हटलं होतं. कडुनिंबाखाली जाऊन मी थुंकलो आणि मग लोक बघताहेत म्हणून रुमालानं तोंड पुसलं.

बिरू धनगराचा. त्याचे वडील सिद्धाप्पा, त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. आमच्याकडे सुगी झाली की शेतकरी धनगराला बोलावून रानात मेंढरं बसवतात. खत मिळतं, धनगराला धान्य मिळतं. अप्पांची एक रीत होती. दिवस मावळायच्या आधी ते मेंढरं घेऊन बांधावर यायचे, कळप तिथंच थांबवायचे, एकटे आत जायचे, खांद्यावरची घोंगडी बाजूला ठेवायचे, दोन्ही गुडघे टेकायचे आणि कपाळ मातीला लावायचे. मग उठून शीळ घालायचे आणि मेंढरं आत यायची. लहानपणी मी विचारलं होतं, "अप्पा, देव तर तिकडं हाय, मग हितं कामून टेकायलाव?" ते म्हणाले, "रान परक्याचं हाय लेका. आपली मेंढरं हितं जगणार. इचारून जावं." त्यांच्या मागोमाग बिरूही टेकायचा आणि त्याच्या मागोमाग मीही, गंमत म्हणून. हे आमच्या रानात झालं, केशवअण्णांच्या रानात झालं, गावातल्या ज्याला म्हणून दोन एकर जमीन आहे त्याच्या रानात झालं. सगळ्यांनी ते वर्षानुवर्षं बांधावर उभं राहून पाहिलेलं आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा.

परवा एका पुरवणीत आलं की मेंढरांमागे पळून पळून बिरूच्या पायांत वेग आला. लिहिणाऱ्यानं मेंढरू पाहिलेलं नाही. मेंढरांमागे कुणी पळत नसतं, चालतात, आणि तेही कंटाळा येईल इतकं हळू. बिरू फुटबॉल शिकला बिदरच्या बोर्डिंगात, कारण तिथल्या आवारात एक चेंडू होता आणि दुसरं काहीच नव्हतं. तिथून हैदराबादला एका सरकारी खात्याच्या संघात लागला. मग बेंगळुरू. कर्नाटकाच्या संघातून महाराष्ट्राविरुद्ध त्यानं गोल मारला तेव्हाच आमच्या पारावर पहिली कुजबुज झाली होती, की मराठी आईचं दूध पिऊन हा कानड्यांकडून खेळतो. बेंगळुरूला त्याला मराठा म्हणत, पुण्याला खेळायला गेला की कानडी म्हणत. तो हसायचा. "दिगा, चेंडूला कुठली भाषा येत न्हाई, ते एक बरं हाय," असं मला म्हणायचा. दिगा म्हणजे मी, दिगंबर.

पुढे आमच्याकडची पोरं मिळेल त्या कामाला आखातात जायला लागली, तशात हाही गेला, पण खेळायला. तिथल्या एका कंपनीच्या संघानं त्याला पगारावर ठेवून घेतलं. एकदा भारतातून दौऱ्यावर गेलेला संघ त्यांच्याशी खेळला आणि बिरूनं गोल मारला. फ्लेक्सवरच्या त्या उभ्या फोटोसोबत त्यानं ह्या गोलाचाही फोटो मला टपालानं पाठवला. गोल झाल्यावर हिरव्या शर्टातला बिरू गुडघे टेकून, कपाळ गवताला लावून आहे आणि त्याच्या शेजारी त्याच्या संघातले दोघं तसेच टेकलेले. फोटोच्या मागे त्याच्या वाकड्या अक्षरात एक ओळ होती... 'अप्पाला दाखीव. त्याच्यावानीच केलो.'

मला इतका अभिमान वाटला की मी खळ करून तो फोटो गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर चिकटवून टाकला. पाठीला भरपूर खळ लावून, पक्का. मागची ओळ भिंतीला चिकटून बसली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. अप्पा येऊन फोटो बघून गेले. "माझ्यावानीच की रं," म्हणाले आणि तोंडभर हसले. चार दिवस गाव कौतुक करत होतं. पाचव्या दिवशी कुणीतरी म्हणालं, हा नमाज पढायलाय. झालं. ज्यांनी अप्पांना आपल्याच बांधावरून हजारदा तसं टेकताना पाहिलं होतं, त्यांच्या डोळ्यांना ते दिसेना. त्यांना आखात दिसलं, हिरवा शर्ट दिसला, शेजारचे दोघं दिसले. गडी बाटला, देशाच्या संघावर गोल मारून वर नमाज पढला. वेशीपासून पारापर्यंत हेच. आणि समजा, पढला असता, तर? कुणाच्या बापाचं काय जात होतं? पण हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. मीही नाही.

धनगरांच्या बिराप्पाच्या जत्रेत पहिला भंडारा उधळायचा मान पिढ्यानपिढ्या बिरूच्या घराचा. त्या जत्रेला तो सुट्टीवर आला तेव्हा दुपारी पारावर गावानं बैठक बसवली. केशवअण्णा तेव्हा नव्यानेच पुढारी झाले होते आणि आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच होते. माझी नोकरी कायम करण्याचा कागद त्यांच्या सहीसाठी त्यांच्याच घरी पडून होता.

"बिरू, गाव तुझंच हाय," अण्णा म्हणाले, "पण तू देशाच्या टीमवर गोल मारलास."

"गोल मारायलाच ठेवून घेतलेत मला, अण्णा. समोर कोण हाय ते बघत बसलो तर खेळू कसा?"

"ते ऱ्हाऊ दे. डोस्कं कुणाला टेकलास तेवढं चारचौघांत सांगून टाक. म्हंजे भंडाऱ्याचा मान तुमच्या घराचा तुमच्या घरात ऱ्हाईल."

"ते न्हाई सांगणार."

"कामून?"

"तुम्ही इचारायलाव म्हणून."

कोपऱ्यात बसलेले अप्पा अर्धवट उठले. "अवो, ते तर..." असं काही म्हणू लागले. बिरूनं वळून त्यांना हातानं थांबवलं. "अप्पा, बस." मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, चेंडू द्यायच्या आधी खेळाडू जेवढं बघतो तेवढंच. भिंतीआड गेलेली ती ओळ मीच वाचली होती. मी उठून एवढंच म्हणायचं होतं, की अण्णा, तुमच्याच रानात अप्पा काय करतात ते आठवा. माझ्या तोंडाला त्या दिवशी काय झालं होतं हे मी स्वतःला बऱ्याच सुंदर शब्दांत समजावलेलं आहे. खरं कारण तो सहीचा कागद. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

त्या वर्षी भंडाऱ्याचा मान दुसऱ्या घराला गेला. पुढच्या सुगीला अप्पांची मेंढरं कुणी रानात बोलावली नाहीत. ते बांधाबांधाला जाऊन उभे राहत आणि लोक म्हणत, "अवंदा ट्रॅक्टरनं खत टाकायलोत, अप्पा." आमच्या वडिलांनीही तेच सांगितलं, आणि मी घरात होतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी कळप विकला. बिरू आखात सोडून परत आला, अप्पांना घेऊन गुलबर्ग्याला राहिला, मैदानावर गवताला पाणी द्यायला आणि रेषा मारायला लागला. मान ताठ ठेवून जगला वगैरे लिहायचा मोह होतो, पण तसलं मी लिहिणार नाही. तो मैदानाची राखण करून जगला आणि अप्पा तिथंच एका पत्र्याच्या खोलीत मेंढरांवाचून वारले. माझी नोकरी मात्र कायम झाली.

अप्पांच्या दिवसांना मी गेलो होतो. कार्य उरकल्यावर बिरू मला मैदानावर घेऊन गेला. चालता चालता म्हणाला, "त्या दिवशी सांगितलो असतो, अप्पाची रीत हाय म्हणून, तर सोडले असते मला. पण माझ्या बाजूला सलीम टेकला व्हता. म्हंजे माझं डोस्कं बरोबर अन त्याचं चुकीचं, असं झालं असतं. त्याच्या पासवर गोल मारलो व्हतो, दिगा..."

मी म्हणालो, "मला वाटलंच. तू सांगू नको म्हणतोस हे बघूनच तर मी गप बसलो."

तो थांबला. रागावला असता तर बरं झालं असतं, पण त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी गप बसलो ते माझं. तू कामून गप बसलास?" मी चपलेला लागलेला चुना गवतावर पुसू लागलो. तो नळ सोडायला निघून गेला. त्यानंतर तो मला फोन करायचा, लेकरांची चौकशी करायचा, सणाला ये म्हणायचा. तो प्रश्न त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

आता त्याच गावाला तो हवा झाला होता, कारण मेलेला माणूस बैठकीत उलट बोलत नाही. बिरू गेला त्याच दिवशी केशवअण्णा जीप घेऊन गुलबर्ग्याला गेले, तिरंगा घेऊन. गावात मिरवणूक काढू, शाळेची पोरं दुतर्फा उभी करू, मास्तर भाषण करतील. रत्नानं दारातच विचारलं, "ज्या गावानं सासऱ्याची मेंढरं बसू दिली न्हाईत, तिथं माझ्या मालकाला कामून बसवायलाव?" आणि झेंडा घडी करून अण्णांच्या हातात परत दिला, नीट, खाली पडू न देता. हे मला तिनंच सांगितलं. मिरवणूक झाली नाही. फ्लेक्स मात्र राहिला आणि फ्लेक्ससमोर माझं भाषणही झालं. 'गावाचा लाडका बिरू' असं मी म्हणालो. लोकांनी माना डोलावल्या. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि मग फोटोवाल्यानं सांगितलं म्हणून आणखी एकदा पुसले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी गुलबर्ग्याला गेलो. रत्नानं चहा दिला, रडली नाही. म्हणाली, "मैदान बघून जावा. नवीन माणूस अजून मिळाला न्हाई, मीच पाणी सोडायले." किल्ली घेऊन ती पुढे झाली. फाटक उघडलं की आत लगेच हिरवळ सुरू होते. तिथं, रेषेच्या अलीकडे, तिनं बोट दाखवलं. गवतात दोन वाटीएवढे टक्कल पडलेले खळगे होते आणि त्यांच्या पुढे हातभर अंतरावर तिसरा, उथळ. "रोज सकाळी आत पाय टाकायच्या आधी," ती म्हणाली. "लई सांगितले, आता तर तुमचंच मैदान हाय म्हणून. म्हणायचे, न्हाई, परक्याचंच हाय." पाण्याचा नळ सोडायला ती पलीकडे गेली.

मी एकटाच उभा होतो. खळगे ओले होते. लहानपणी अप्पांच्या आणि बिरूच्या मागे मी टेकायचो तेव्हा तिसरा मीच असायचो... मी चपला काढल्या. पँट वर सरकवली. डाव्या खळग्याच्या कडेला एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवणार तोच फाटकाबाहेर सायकलची घंटी वाजली.

मी झटकन उठलो आणि कुणी बघितलं तर नाही ना, ते पाहू लागलो.