मामूंचा गोवा

मामूंनी जन्मात भूगोलाचं पुस्तक उघडलं नव्हतं, तरी गोवा ऐकावा तर मामूंच्याच तोंडून, असं आख्खा औरंगपुरा म्हणायचा. मी भूगोलात एम.ए. झालेला माणूस, आणि मामू ज्या सहल कंपनीत गाईड होते तिथंच, गाईड म्हणूनच, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसायचो. जळफळाट व्हायचा, खोटं कशाला सांगू?

मामू लासूर स्टेशनचे. दिवाळीनंतर आमच्या दोन गाड्या गोव्याला निघत, एकीवर ते, दुसरीवर मी. बेळगाव मागं पडलं की गाईडनं माईक घेऊन गोव्याची ओळख करून द्यायची. मी सांगायचो, पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र, नद्या मांडवी आणि जुवारी, जिल्हे दोन. एवढ्यात निम्मी गाडी घोरायला लागायची. मामू पोर्तुगीजांचं राज्य कसं गेलं ते सांगत, "आपल्याकडं अठ्ठेचाळीसला पोलीस अॅक्शन झाली ना, तशी तेरा सालांनी तिकडं फौज गेली." त्यांच्या गाडीतली म्हातारी मंडळी चहाला उतरल्यावरही त्यांना सोडत नसत.

एकदा कळंगुटला माझ्या गाडीतल्या चितेगावच्या आजी घाबरल्या. वाळूत काढून ठेवलेल्या चपला पाण्यानं नेल्या होत्या. पाणी कुणी सोडलं म्हणून त्या मलाच विचारू लागल्या. आमच्याकडं पाणी सुटतं ते धरणातनं, कालव्याला. मी भरती, ओहोटी, चंद्र, गुरुत्वाकर्षण, सगळं समजावलं. आजी मामूंकडं वळल्या.

"आजी, कालव्याला पाण्याची पाळी सुटती का नाय? हितं रोज दोन सुटत्यात. अर्ज नाय, पाणी सोडणारा पाटकरी नाय."

आजी पदर खोचून खुशाल पाण्यात उतरल्या. मी बसलो वाळूत, हात चोळत.

पण खरा घाव घातला आईनं. गोव्याला येते म्हणाली आणि सीट मागितली मामूंच्या गाडीत. "तू लई शाळेवानी सांगतो," असं तोंडावर म्हणाली. परतल्यावर महिनाभर मंगेशीची दीपमाळ काय अन् जुन्या गोव्यातली चर्चं काय, प्रत्येक वाक्य 'मामू म्हणले' पासून सुरू. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही.

पुढं मामूंच्या घशाला दुखणं लागलं आणि आवाज कायमचा गेला. त्यांची गाडीही माझ्याकडं आली. मला बरं वाटलं, सांगायला लाज वाटते.

शेवटी शेवटी भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी कागदावर उर्दूत काहीतरी लिहिलं. त्यांच्या लेकीनं वाचून दाखवलं, "अब्बा म्हणतायत, मास्तर, गोवा सांगा."

मी माझ्याच पद्धतीनं सांगू लागलो, दुसरी येतच नव्हती. मामूंनी डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर असं काही सुख पसरलं की मी मध्येच थांबलो. मी पंचवीस खेपा केल्या होत्या, पण ते काय बघत होते ते मला एकदाही दिसलं नव्हतं. माणूस मरणाच्या दारात होता, आणि मी उशाशी बसून त्याचा हेवा करत होतो.