क्लिफ रॅमस्डेनच्या घरची ऊब

आमच्या गल्लीत एक जुना नेम आहे. ऑक्टोबरअखेर हिवाळी वेळेसाठी घड्याळं तासभर मागे घेतात, त्या दिवसापर्यंत हीटिंग लावायचं नाही. बाकीचे तो नेम मोडतात आणि वर साळसूदपणे खोटं बोलतात. क्लिफ रॅमस्डेन मोडत नसे. घड्याळं मागे गेल्यावरही त्याचा घर तापवणारा गॅसचा बॉयलर सकाळी थोडा वेळ आणि संध्याकाळच्या बातम्यांपुरता चाले. तेवढ्यात खोल्यांतले रेडिएटर हात भाजेल इतके तापत, की लगेच बंद. त्याची बायको नोरीन एका कार्डिगनवर दुसरं चढवून बसायची. ती कुडकुडली की हा म्हणायचा, "अगं, जरा हलत राहा की! बसून कुणाला ऊब आलीय?"

हा मनुष्य जन्मभर हॅलिफॅक्सच्या एका शाळेत केअरटेकर होता. शाळेच्या बॉयलरची किल्ली याच्या कमरेला असायची. मुलं कोट घालून गणितं सोडवत आणि मुख्याध्यापिका विनवण्या करत, पण हा ढिम्म. निवृत्तीच्या समारंभात त्याने हेच फुशारकीने सांगितलं आणि सगळे हसले. माझा मुलगा त्याच शाळेत शिकला, म्हणून मला काही हसू आलं नाही.

त्याच्या आणि माझ्या घरात एकच भिंत. नोरीनचा खोकला मला माझ्या खोलीत ऐकू यायचा.

गेल्या हिवाळ्यात दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. नोरीनला न्यूमोनिया झाला आणि ती इस्पितळात गेली. त्याच आठवड्यात त्यांच्या स्वयंपाकघरातला म्हातारा बॉयलर तपासायला आलेल्या माणसाने गॅस तोडून त्यावर लाल चिठ्ठी चिकटवली, कारण विषारी धूर घरात झिरपत होता. इस्पितळातून स्पष्ट सांगितलं, की हिची फुप्फुसं आता गारठा सोसणार नाहीत. घर दिवसरात्र उबदार राहणार असेल तर घरी सोडू, नाहीतर वृद्धाश्रमात पाठवू. नर्स मधून मधून येऊन बघून जाईल.

लीड्सला राहणारी त्यांची मुलगी लोरेन धावत आली आणि तिने बापाला न विचारता हीट पंप ठरवला, म्हणजे बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र. मागच्या अंगणात, नेमका माझ्या खिडकीखाली, पंख्याचा मोठा खोका बसला. आत नवे, रुंद रेडिएटर आले.

"पंख्याने घर तापवणार?" क्लिफ मला म्हणाला. "मग उन्हाळ्यात शेगडी पेटवून गार करू."

बसवणारा गॅरेथ भला माणूस होता. जाताना त्याने क्लिफला भिंतीवरच्या कंट्रोलपाशी उभं केलं. मी दारातच होते.

"मिस्टर रॅमस्डेन, एवढं लक्षात ठेवा. हे गॅससारखं चालू-बंद करायचं नाही. मंद आचेवर स्ट्यू ठेवतो ना, तसं रात्रंदिवस मंद चालू द्यायचं. एकदा घर गार पडलं की पुन्हा तापायला पार दुसरा दिवस उजाडेल."

क्लिफने रेडिएटरवर तळहात ठेवला. "हा तर कोमट आहे."

"कोमटच असतो."

"मड्याचा हात याहून गरम लागतो रे!"

"त्याला हात लावूच नका," गॅरेथ म्हणाला. "खोलीत बसा आणि बघा."

नोरीन घरी आली. मी भेटायला गेले तेव्हा ती एकाच कार्डिगनमध्ये खिडकीशी बसली होती, आणि गालांवर रंग होता. मला म्हणाली, "अगं, जिन्यातसुद्धा ऊब आहे. मी उगाचच जिन्यात जाऊन उभी राहते." मला इतकं बरं वाटलं, की मी क्लिफशीही दोन शब्द गोड बोलले.

पण ती जिन्यातली ऊबच त्याच्या डोळ्यांत खुपत होती. जिन्यात कुणी राहत नाही, मग तो तापवायचा कशाला? नोरीनचा डोळा लागला की हा गुपचूप पंप बंद करी. ती पांघरुणात आहे, तिला काय कळतंय! माझ्या खिडकीखालचा पंखा थांबला की मला कळे. मी भिंत बडवायची. तो पलीकडून ओरडायचा, "तुझं घर तू तापव!"

नर्स येणार त्या दिवशी त्याने जन्मभराची विद्या वापरली. ती जेवणानंतर येणार, म्हणून याने सकाळचा चहा झाल्यावर पंप चालू केला. शाळेत तपासणी असली की तो हेच करायचा. आधी बॉयलर पेटवायचा, साहेब आले की खोल्या उबदार, साहेब गेले की बंद. गॅसच्या बॉयलरने ते भागत असे. पंप बिचारा जीव तोडून फिरत राहिला, पण घर गारच होतं. आठवडाभर चालू-बंद करून याने भिंतीसुद्धा गारठवून ठेवल्या होत्या.

नर्सने अंगातला कोट काढला नाही. नोरीनचे निळे पडलेले ओठ बघून ती म्हणाली, "मिस्टर रॅमस्डेन, हे बंद ठेवता का तुम्ही?"

"छे! यंत्रच भिकार आहे."

नर्सने नोरीनकडे पाहिलं. नोरीन खोकली आणि म्हणाली, "यंत्रच बरं नाही." म्हातारी त्याच्यासाठी खोटं बोलली.

भिंतीतून मला सगळं ऐकू आलं आणि राहवलं नाही. नर्स निघाली तेव्हा मधल्या कुंपणावरून मी तिला मोठ्याने सांगितलं, की यंत्र धडधाकट आहे, नवरा भिकार आहे. नर्सने फोन केला, संध्याकाळी लोरेन आली आणि आईची बॅग भरून तिला वृद्धाश्रमात घेऊन गेली. तिने बापाला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्याकडे बघितलंही नाही.

तो थोडे दिवस ऐटीत होता. मग माझ्या खिडकीखालचा पंखा अखंड चालू राहिला, रात्रीसुद्धा. रविवारी मी त्याला गाडीने वृद्धाश्रमात नेलं. तिथे इतकं गरम होतं की मला घाम फुटला. नोरीन अर्ध्या बाह्यांचा ब्लाऊज घालून बसली होती. इतक्या वर्षांत तिचे दंड मी पहिल्यांदाच पाहिले.

"घरी चल," क्लिफ म्हणाला. तो अजून ओव्हरकोटमध्येच होता. "पंप रात्रंदिवस चालू ठेवलाय. वरच्या खोल्यासुद्धा. नर्सला बोलाव, बघू दे तिला. आता मी हात लावणार नाही, शपथ."

"खरंच चालू ठेवलास?"

"तुझ्यासाठी."

नोरीनने हातातला कप खाली ठेवला. तिचा आवाज शांत होता.

"क्लिफ, मला वाटायचं मी स्वभावानेच गप्प बाई आहे. लग्नाआधी मी किती बोलायचे, विसरले होते बघ. मला नुसती थंडी वाजत होती रे. इथे आल्यापासून तोंड मिटत नाही माझं. विचार त्या पोरींना." तिने चहा देणाऱ्या मुलीकडे बोट दाखवलं. "मी घरी येणार नाही. घर तापलंय म्हणतोस ते खरंच असेल. पण ते तापवायला मला बाहेर पडावं लागलं."

तो काहीतरी बोलू गेला. ती शेजारच्या म्हातारीकडे वळून तिच्या नातवाची चौकशी करू लागली.

मी त्याला गाडीने परत आणलं. त्याच्या दारातून आत पाऊल टाकलं तर माझ्या चष्म्यावर वाफ धरली, इतकं घर उबदार होतं. तो खुर्चीत बसला आणि मला म्हणाला, "चहा टाकतेस का गं पोरी?"

"तूच टाक," मी म्हटलं आणि दार ओढून घेऊन माझ्या घरी आले.