भिंतीपलीकडचा ड्रम

ईशा, निनाद,

अमळनेर सोडलं त्या सकाळी टेम्पोवाला घाई करत होता आणि मी यादी हातात घेऊन घरभर फिरत होते. गॅसचा पत्ता बदलला, पेपर बंद केला, विजेच्या मीटरचा आकडा लिहून घेतला, तुळस समोरच्यांकडे दिली. प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण. शाळेत इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला, कामं अशीच करायची सवय. शेजारच्या अक्का फाटकाशी उभ्या होत्या. "आते कधी येशी वं बाई?" त्यांनी विचारलं. "लवकर येते," असं हातानेच खुणावून मी टेम्पोत बसले.

तुमचे आजोबा गेल्यावर मी एकटी राहू नये, म्हणून बाबांनी जळगावला हा फ्लॅट घेतला. लिफ्ट आहे, चोवीस तास पाणी आहे. तुम्हाला त्यात विशेष काही वाटणार नाही. अमळनेरला आमच्या गल्लीत नळ काही दिवसांनी एकदा यायचे, तेही अवेळी. ज्याला आधी कळेल त्याने बाकीच्यांना हाक मारायची. मी शाळेत असले तर अक्का आमचा ड्रम भरून ठेवायच्या. घरी असले तर भिंतीवरून ओरडायच्या, "नळ उनात! घड्याळ काय देखी ऱ्हायनी, बादली लाव!"

पुढे अक्कांना ऐकू येईनासं झालं. मग आमचा ड्रम भरला की मी पाइप भिंतीवरून त्यांच्या ड्रममध्ये सोडायला लागले. त्याबद्दल आम्ही दोघी कधी काही बोललो नाही. वेणी घालण्याइतकं ते अंगवळणी पडलं होतं, म्हणूनच यादीत लिहायचं मला सुचलं नाही.

आमच्या घरात भाडेकरू आले. माणसं चांगली. त्यांना मी मीटर दाखवला होता, गच्चीची किल्ली दिली होती. पाइपचं तेवढं सांगितलं नव्हतं. ते आपला ड्रम भरून नळ बंद करायचे. अक्कांना नळ आल्याचा पत्ता लागायचा नाही, आणि कोणाकडे मागायचा त्यांचा स्वभाव नव्हता. महिनाभरातच हातपंपावरून कळशी आणताना त्या पायरीवर घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. लेक त्यांना धुळ्याला आपल्या घरी घेऊन गेली.

मी एसटीने धुळ्याला गेले. खाटेशी बसून, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन, चूक माझी आहे म्हणाले. अक्का हसल्या. "इतली शिकेल बाई, नि रडस काय? मी बी कोणले सांगं नही." मग माझं मनगट घट्ट धरून म्हणाल्या, "माले घर ली चाल."

मी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. अक्का परत अमळनेरला गेल्या नाहीत. दिवाळीआधी धुळ्यातच वारल्या. वय झालं होतं, असं सगळे म्हणतात. मला ते म्हणता येत नाही.

इथे जळगावला समोर प्राची राहते, बँकेत नोकरीला. इतके महिने आमचं लिफ्टमध्ये हसण्यापुरतंच होतं. गेल्या आठवड्यात मला ताप होता, उठायला उशीर झाला. दारावर धाडधाड थापा पडल्या. उघडते तर प्राची, हातात माझी दुधाची पिशवी. "काकू, नऊ वाजले! बेल ऐकू येत नाही का? जीव अर्धा झाला ना माझा!" इतक्या दिवसांत मला कोणी रागावलं नव्हतं. मी तिला आत बसवलं. कोणती औषधं घेते, कोणता गुडघा दुखतो, सगळं आपणहून सांगितलं. माझी एक किल्ली तुझ्याकडे ठेवशील का, असंही विचारलं. मागायला मला फार जड गेलं.

तुमच्या शेजारी कोण राहतं, ते मला पुढच्या फोनवर नावानिशी सांगा.

आणि अमळनेरचं घर विकायचं का, असं बाबा दोनदा विचारून गेले. त्यांना म्हणावं, विका. अक्का नाहीत, तर तिथे जाऊन मी कोणाची शेजारीण होऊ?