वरणाचा गंज पुढे की मागे

सायकलमागे जोडायची ट्रॉली हुडकेश्वरच्या वेल्डिंगवाल्याने बनवून दिली. दोन चाकं, वर लोखंडी चौकट आणि पुढे एक दांडी, ती सीटखालच्या पाइपाला अडकवायची. मनीषनगरच्या मुलींच्या होस्टेलात दुपारचं जेवण पोचवायचं काम मला मिळालं होतं. साडेबाराच्या आत आलं नाही तर दुसरी बाई बघू, असं तिथल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी गोड आवाजात सांगितलं होतं.

ट्रॉली भरायचं काम आमच्या ह्यांनी स्वतःकडे घेतलं. तरुणपणी गावाकडे त्यांनी बैलगाडी हाकली आहे, त्यामुळे चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल आमच्या घरी दुसरं मत नसतं. बैलाच्या मानेवर भार येऊ नये, हा त्यांचा नियम. वरणाचा भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, त्यांनी पार मागे ठेवला, पोळ्यांचा हलका डबा पुढे. बैलाच्या जागी मी होते. माझ्यावर त्यांची माया आहे, यात शंका नाही.

सपाट रस्त्यावर सायकल खरंच हलकी लागली. पुलाच्या उतारावर मात्र दांडी मला सीटसकट वर उचलू लागली आणि ट्रॉली शेपटीसारखी हलू लागली. मागचा ब्रेक दाबला तर चाक रस्ता धरेना, नुसतं घसरलं. पुढचा दाबायची हिंमत झाली नाही. पाय घासत कशीतरी कडेला थांबले. दोन माणसं सल्ला द्यायला आली. ती जाईपर्यंत मी पदर सारखा करत राहिले, मग गंज ओढून चाकांच्या जरा पुढे घेतला. सायकल जड झाली, पण सरळ चालली.

घरी काही बोलले नाही. रोज ते गंज मागे ठेवायचे, रोज मी पुलाच्या अलीकडे, गिरणीच्या वळणावर तो पुढे सरकवायची. पंधरा दिवस आमचा संसार असा सुखाने चालला. मग गंज हलू नये म्हणून त्यांनी तो मागेच कासऱ्याने बांधून दिला. गाडीवानाची गाठ. वळणावर माझी नखं तुटली, गाठ सुटली नाही. पुढे उतार होता आणि बारा वाजत आले होते. सायकल हातात धरून मी परत घरी आले.

"अजी, हा गंज पुढे पाहिजे."

"काहून वं? चौथी शिकलेली बाई मले गाडी भरणं शिकवून राहिली."

"बैल मानेनं वढते. सायकल मांगच्या चाकानं वढते. ते चाकच उचललं तं ब्रेक कायले दाबू मी? नाहीतं आज तुमीच न्या उतारावरून."

लग्नानंतर त्यांच्यापुढे एवढं लांब मी प्रथमच बोलले असेन. ते खरोखर ट्रॉली घेऊन निघाले. गल्लीच्या तोंडाशी थोडासा उतार आहे, तिथूनच परत आले. गाठ सोडली, गंज पुढे घेतला आणि मला म्हणाले, उशीर नको करू.

मी पोचले तेव्हा साडेबाराला पाच मिनिटं होती. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि दार उघडलं.

संध्याकाळी हे ओट्यावर शेजाऱ्याला समजावत होते, की सायकलच्या ट्रॉलीत वजन पुढेच ठेवावं, तिथे बैलगाडीचं शास्त्र चालत नाही, पण लोकांना कळत नाही. मी आत भाकरी थापत ऐकत होते. हे सांगत होते ते बरोबर होतं.